बाहेरचे

गिरणेच्या पुलापलीकडे, टेकडीवरच्या इमारतीत
तळमजल्याला, सात नंबरच्या खोलीत
एक यंत्र आहे.
त्याला एकच काम येतं :
दोन्ही टोकांना धरायचं आणि तुटेस्तोवर ओढायचं.
मी त्याचा मदतनीस.
अकरा वर्षं मी त्याच्यावरचं मेणकापड
पोळ्याच्या झुलीसारखं
काढलं, झटकलं, परत घातलं.

वर्षाला दोनदा सळई यायची.
तुटायची. आकडा यायचा : चारशे बारा.
पुढं तेही थांबलं.
पोरं आदल्या पोरांच्या वहीतून उतरवून घेत,
चारशे बारा, चारशे बारा,
आलेखाचा बाक तोच, सही करणारे सर तेच.
एका वहीवर चहाचा थेंब सांडला होता,
पुढच्या वर्षी सगळ्यांच्या आलेखात
तिथं एक बिंदू.

बाहेर वैशाखात पंचेचाळीस.
आत यंत्रासाठी गार हवा.
मी डबा तिथंच खायचो, बिल विद्यापीठाला.

मग परिपत्रक आलं :
बाह्य वापरकर्त्यांस सशुल्क परवानगी.
मी ते दाराला चिकटवलं.
महिनाभर ते पालीनं वाचलं.

शेवंता सपकाळे आली ती यावलच्या एस.टी.नं,
पिशवीत केळीच्या खांबाच्या धाग्याच्या सहा वेण्या.
घड गेला की खांब बांधावर सडतो,
त्याच्यातून तिनं हे ओढून काढलेलं.
पुण्याचं गिऱ्हाईक म्हणतं,
पिशवीचा पट्टा किती पेलतो, लिहून द्या.

अर्ज भरायला बसली.
संस्थेचे नाव : घर.
विभाग : मागचं अंगण.
मार्गदर्शक : इथं थांबली,
मग सासूचं नाव लिहिलं, पूर्ण, वडिलांसकट.
अकाउंटवाल्यानं दोनदा वाचलं
आणि शिक्का मारला. दुसरं काय करणार.

लहान जबडा कपाटात होता,
कारखान्याच्या तेलकट कागदात, तसाच.
अकरा वर्षांत कुणी सोडलाच नव्हता.
तो कागद सोडताना
मला उगाचच लाज वाटली.

पहिली वेणी ताणली.
पडद्यावर रेघ चढत गेली.
शेवंताबाईनं पदर दातांत धरलेला.
आधी एक धागा, तट्.
मग दुसरा. मग खोलीत काहीच नाही.
मग सगळी.

"सातशे न्यूटन," मी म्हणालो.
"मले बादल्यात सांगा."
हिशेब केला. "साडेचार. भरलेल्या."
ती हसली नाही. दुसरी वेणी पुढं केली.
"हे सासूनं वळलेली. हिले लावा."
पाच बादल्या. वर तांब्याभर.
मग मात्र हसली,
"आता घरी कसं सांगू?"

दारात पोरं जमली होती.
भाग्येश चौधरी, तिसऱ्या वर्षाचा,
म्हणाला, "काका, हे चालतं?"

दुसऱ्या दिवशी तो सळई घेऊन आला,
स्वतः लावली, स्वतः तोडली,
आणि पांढरा पडून माझ्याकडं.
"तीनशे एक्याण्णव येतंय. मशीन बिघडलं."
मी म्हटलं, परत कर.
तीनशे अठ्ठ्याऐंशी.
तो चारशे बाराची वही उघडून
बराच वेळ नुसता बसला होता.

आता रजिस्टरचं पान आठवड्याला भरतं.
पारोळ्याचा लोहार वखराची पास आणतो,
कृत्रिम पाय बनवणारा पट्टे आणतो.
जत्रेतल्या पाळण्याचा मालक साखळी घेऊन आला,
मी विचारलं, तुटली तर?
म्हणाला, इथं तुटू दे की, बाबा.
जबड्याचे दात झिजलेत, नवे मागवलेत,
मंजुरी कुठंतरी वरती आहे.
डबा मी आता बाहेर, निंबाखाली खातो.

काल नेहेते सर स्वतः आले, अकरा वर्षांत पहिल्यांदा.
म्हणाले, उद्या जरा मशीन लागेल,
एक पेपर लिहितोय.

मी रजिस्टर त्यांच्याकडं फिरवलं.
"गुरुवारपर्यंत भरलंय, सर.
शुक्रवारी शेवंताबाई आहेत, पण अकरापर्यंतच.
त्यांची एस.टी. असते."